आतून गुळगुळीत

१

माझं काम सोपं होतं. रेहाना आपाला एकटी सोडायची नाही, एवढंच.

बाळंतीण आणि बाळ चाळीस दिवस खोलीबाहेर येत नाहीत, आणि त्या दिवसांत कोणीतरी सतत त्यांच्याजवळ असावं लागतं. आमची अम्मी असती तर आपा पहिल्या बाळंतपणाला तळे गावी माहेरी आली असती. पण अम्मीला जाऊन तीन वर्षं झाली होती. म्हणून बाळंतपण सासरीच झालं आणि सोबतीला अब्बांनी मला पाठवलं. सन १९३४ चा मार्च महिना होता आणि मी चौदा वर्षांची होते.

आपाचं सासर हरिहरेश्वरच्या अलीकडे, खाडीकाठच्या गावात. तिचे यजमान यूनुसभाई बोटीवर नोकरीला होते. घरात आपाची सासू हुस्नबानू खाला आणि बाहेरची कामं करणारा कोंडाजी. सोनाबाई सुईण रोज सकाळी यायची, आपाला आणि बाळाला तेल लावून न्हाऊ घालायची, आणि जाताना प्रत्येकाला काहीतरी टोमणा मारून जायची.

खोली घराच्या मधोमध होती. एक दार आणि परसाकडे एक लहान खिडकी. खिडकीची झडप बंद होती आणि तिच्या फटींत खालांनी चिंध्या कोंबल्या होत्या, कारण बाळंतिणीला वारा लागता कामा नये. वर माळा, त्यामुळे कौलांतूनही उजेड नाही. कोपऱ्यात मोरी. आपाची खाट, खाटेखाली शेगडी, तुळईला टांगलेला पाळणा, आणि भिंतीशी माझी चटई. भर दुपारीसुद्धा आम्ही चिमणी लावून बसायचो.

शाळा बुडते याचं मला वाईट वाटत होतं, पण मी कोणाला तसं म्हणाले नाही. मला पटकन बोलता येत नाही. वाक्य मनात नीट जुळेपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असतो. म्हणून मी बघत बसते. आमच्या शाळेतल्या गोदूबाईंना माझी ही सवय माहीत होती. त्यांनी मला एक भिंग दिलं होतं आणि किडे बघून वहीत टिपून ठेवायला शिकवलं होतं. दोन सारखे किडे वेगळे कसे ओळखायचे, याचा त्यांचा एक नियम होता. रंगावर जाऊ नकोस, त्या म्हणायच्या, रंग उजेडाप्रमाणे बदलतो. तो काय करतो ते बघ.

पहिल्याच दिवशी मी भिंतीवर कुंभारीण माशीची मातीची घरं पाहिली आणि मला बरं वाटलं. चाळीस दिवस बघायला काहीतरी होतं.

खालांना मोतीबिंदू होता, तरी मी भिंतीकडे हात नेलेला त्यांना कळला. त्या म्हणाल्या, "मोडू नको हां बेटा. घरात बाळंतीण असताना कुंभारणीचं घर मोडत नाहीत. तीपण लेकरासाठीच बांधते."

२

पहिल्या आठवड्यात मी अकरा घरं मोजली.

कुंभारीण म्हणजे लांब, बारीक कमरेची गांधीलमाशी. ती मातीचं घर बांधते, त्यात कोळी नाहीतर अळ्या भरते, एक अंडं घालते आणि तोंड बंद करून निघून जाते. पण सगळ्याच कुंभारणी एका जातीच्या नसतात. एक काळी असते, पायांवर पिवळे पट्टे असलेली. ती नळ्यांसारखी घरं शेजारी शेजारी बांधते आणि तोंड मातीने लिंपते. दुसरी निळसर चमकते. ती स्वतः बांधत नाही. दुसरीचं जुनं घर पाणी आणून भिजवते, उघडते, आपला माल भरते आणि तोंडाला चुन्यासारखं पांढरं झाकण लावते. तिसरी लहान, ती मडक्यासारखं गोल घर करते, बारीक गळ्याचं. चिमणीच्या उजेडात तिन्ही काळ्याच दिसायच्या. मी त्यांना झाकणांवरून ओळखायची.

आणखी एक ओळख गोदूबाईंनी दाखवली होती. फुटलेल्या घराचा तुकडा हातात आला तर त्याची आतली बाजू कुठली, हे डोळे मिटूनही कळतं. बाहेरून ती मातीच्या गोळ्या एकावर एक चिकटवत जाते, म्हणून ती बाजू खरखरीत. आतून मात्र दाबून दाबून सारखी करते, आतल्या पिल्लाला टोचू नये म्हणून.

हे सगळं मी आपाला सांगायची. आपा तेव्हा पुष्कळ बोलायची. मला चिडवायची, की तळ्यात किडे कमी पडले म्हणून खाडी उतरून इथवर आलीस, आता तुझं लग्नही एखाद्या भुंग्याशीच लावू. बाळाला पाजताना ती गाणं गुणगुणायची आणि मध्येच हसायची.

दुपारी जेवणं झाली की खाला ऊद जाळून खोलीत धूर करायच्या आणि आपल्या खोलीत झोपायला जायच्या. घर गप्प व्हायचं. धुराने आणि शेगडीच्या उबेने माझेही डोळे मिटायचे.

नवव्या दिवशी मी जागी झाले तेव्हा आपा माझ्याकडेच बघत होती. तिचा चेहरा घामाने भिजला होता.

"मेहरू, दुपारची झोपू नको," ती म्हणाली.

मला वाटलं, तिला एकटीला कंटाळा येतो. मी म्हटलं, बरं, नाही झोपणार.

"आणि झोप आलीच तर कुशी तरी बदलत जा. एका अंगावर पडून राहू नको."

त्याच दिवशी संध्याकाळी तिने खालांकडे दुसऱ्या खोलीत जायचं म्हणून हट्ट धरला. त्या दोघी काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, मी मोरीत बाळाचे कपडे धूत होते. खालांनी तिच्या उशाखाली सुरी ठेवली, काहीतरी पढून तिच्या अंगावर फुंकर मारली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की बाळंतपणात डोकं हलकं होतं, तू घाबरू नको.

३

तेराव्या दिवशी मला खिडकीपाशी चिखल दिसला.

झडपेची उजवी कड आणि चौकट यांच्यामध्ये जिथे चिंध्या होत्या, तिथे चिंध्यांवरून चार बोटं रुंद मातीचा पट्टा ओढलेला होता. ओला होता. मी बोट लावलं, वास घेतला. खाडीचा वास. या गावची जमीन लाल, घराच्या भिंती लाल मातीच्या. हा चिखल राखाडी होता आणि जिभेला लावला तर खारट लागला.

सकाळी तो तिथे नव्हता. सोनाबाई गेल्यावर मी त्याच झडपेवर बाळाची दुपटी वाळत टाकली होती.

मी वहीत हिशेब मांडून पाहिला. कुंभारीण एका खेपेला वाटाण्याएवढी गोळी आणते. एवढ्या पट्ट्याला तीनशे तरी खेपा लागल्या असत्या, आणि खाडी काही घराला लागून नव्हती. शिवाय माती लावताना कुंभारीण गुणगुणते. तीनशे खेपांचा आवाज मला ऐकू आला नव्हता. मी झोपले होते हे खरं, पण आपा तर जागी होती.

मी आपाला विचारलं. ती छताकडे बघत राहिली.

खालांनी हात फिरवून पाहिला आणि त्या खूश झाल्या. फट बुजली, वाऱ्याची भीती गेली. कोंडाजीला कधीची सांगत होते, त्याने बाहेरून लिंपलं असेल, तेच फटीतून आत आलं, असं त्या म्हणाल्या. मला ते पटलं. पटल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं, की त्या आठवड्यात मी खोलीत एकही कुंभारीण पाहिली नव्हती. उदाच्या धुराला गांधीलमाशी थांबत नाही, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. पण मग माती कोण आणत होतं?

दुसऱ्या दिवशी खिडकीची डावी कड भरली. तिसऱ्या दिवशी वरची. सतराव्या दिवशी झडप दिसेनाशी झाली. तिच्या जागी राखाडी चौकोन होता, आणि तो चिमणीच्या उजेडात चकाकत होता.

४

आपा बोलायची थांबली ती नेमकी कुठल्या दिवशी, ते मला सांगता येणार नाही. मी वहीत किडे लिहीत होते, आपाला नाही.

आधी गाणं थांबलं. मग चिडवणं. मग विचारलेल्या गोष्टीला ती फक्त डोळ्यांनी उत्तर द्यायला लागली. पंचविसाव्या दिवसापर्यंत ती खाटेवर उताणी पडून राहायची, हात अंगाशी, डोळे वर. भरवलं तर गिळायची. बाळ छातीशी लावलं तर पाजायची, पण हात वर करून त्याला धरायची नाही. ते मला धरावं लागायचं.

भेटायला येणाऱ्या बायका तिचं कौतुक करत. केवढी शांत बाळंतीण, नाहीतर आमच्या सुना, विसाव्या दिवशीच अंगणात. खालाही सांगायच्या, की माझ्या रेहानाने चाळिसावं नीट पाळलं.

फक्त सोनाबाई एके दिवशी पाय चोळता चोळता थांबली. "अंगात जीव हाय, पण जोर न्हाय," ती म्हणाली. "लोण्याचा गोळा चोळतेय असं वाटतंय. बाई, हिला काय दिलंत तुम्ही?"

खाला रागावल्या. सोनाबाई पुन्हा पाय चोळायला लागली, पण जाताना तिने मला टोमणा मारला नाही.

त्या दुपारी मी एक घर फोडलं. खालांचा शब्द मोडला म्हणून मला अपराधी वाटलं, पण मला बघायचं होतं. पिवळ्या पट्टेवालीचं घर होतं. आत सात कोळी, एकमेकांवर रचलेले. मेलेले दिसत होते. मी शिवणाच्या सुईचं टोक एकाच्या पायाला लावलं. पाय किंचित आखडला आणि पुन्हा सैल झाला.

हे मला माहीत होतं. कुंभारीण कोळ्याला मारत नाही. नांगी टोचून त्याचं हलणं तेवढं बंद करते. मेला तर तो कुजेल, आणि पिल्लाला ताजं लागतं. तो जिवंत असतो, बंद घरात पडून असतो, आणि वाट बघतो म्हणायचं का, ते मला माहीत नाही.

सुई माझ्या हातातच होती. मी खाटेच्या पायथ्याशी गेले. मी असं का केलं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. मी आपाच्या तळपायाला सुईचं टोक लावलं आणि दाबलं.

अंगठा किंचित आखडला आणि पुन्हा सैल झाला.

आपाने पाय ओढून घेतला नाही. ओरडली नाही. वर बघत राहिली. मी चिमणी जवळ नेली तेव्हा तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहत होतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी, सोनाबाई आत असताना, मी पहिल्यांदाच परसात गेले. इतक्या दिवसांनी ऊन डोळ्यांना टोचलं. मी भिंतीला धरून घराच्या मागे वळले आणि आमच्या खोलीची खिडकी शोधली.

ती शोधावी लागली नाही.

गोळ्या होत्या. एकावर एक चिकटवलेल्या, वाळून भेगाळलेल्या. प्रत्येक गोळी माझ्या मुठीएवढी. खिडकी झाकून त्या वर वळचणीपर्यंत गेल्या होत्या, तिथे माळ्याची हवेची फट होती तीही बुजली होती. मी हात ठेवला. खरखरीत.

मी गोळ्यांवरून बोटं फिरवली. खोलीच्या आतला चौकोन मला आठवत होता. त्यावरून बोट कुठेही न अडता फिरायचं.

मग मी माझ्याशी वाद घातला. बाहेरच्या बाजूला ऊन लागतं, म्हणून ती लवकर वाळून खडबडीत झाली असेल. आतल्या बाजूला शेगडीची वाफ लागत असेल. कोंडाजीचा हात जड आहे, तो असाच लिंपत असेल. मी कोंडाजीकडे गेले. तो नारळ सोलत होता. मला शब्द जुळवायला वेळ लागला, पण तो थांबला.

त्याने खिडकीकडे पाहिलं आणि हसला. त्याला वाटत होतं, मालकिणीने मलाच कामाला लावलंय. "मी म्हणत होतो, ही शाळेतली पोरगी, चिखलात कशी उतरली? मी हात न्हाय लावला, पोरी. आणि एवढ्या लांबून चिखल आणायचा तर माझ्या कमरेला इचारावं लागंल."

मी परत आत आले. सोनाबाई बाळाला गुंडाळत होती. मी चिमणी उचलून भिंतींजवळून फिरले. आधी मी हे पाहिलंच नव्हतं, कारण मी घरं बघत होते. मधली जागा बघत नव्हते. खोलीच्या चारही भिंती माझ्या खांद्यापर्यंत राखाडी झाल्या होत्या, आणि चारही भिंती गुळगुळीत होत्या.

६

घर भरलं की ती दार लावते. दार लावल्यावर ती परत येत नाही. हे मी स्वतः पाच वेळा पाहून वहीत लिहिलं होतं.

एकतिसाव्या दिवशी दाराच्या चौकटीला पहिला पट्टा आला. चार बोटं. बत्तिसाव्या दिवशी आणखी चार. दार आता पूर्ण उघडत नव्हतं, अर्ध्यावर येऊन घासायचं. मी वितीने मोजलं. या हिशेबाने छत्तिसाव्या दिवशी त्यातून माणूस जाऊ शकलं नसतं. चाळीस दिवस पुरे व्हायची वाट बघता येणार नव्हती.

मी खालांना सांगितलं. जेवढं सांगता आलं तेवढं, म्हणजे आपा आजारी आहे, तिला बाहेर उजेडात न्या. खालांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्यांना माझा रागही आला नाही. त्या म्हणाल्या, माझी चार लेकरं याच खोलीत झाली. दोन गेली, ती वारा लागून गेली. माझ्या यूनुसच्या लेकराला मी वारा लागू देणार नाही.

मी मोरीत जाऊन बाळाचे कपडे धुवायला घेतले.

दुपारी झोपायचं नाही असं मी ठरवलं होतं, तरी रोज डोळा लागायचा. जाग आली की डावा पाय बधिर झालेला असायचा. चोळून तो ताळ्यावर यायला एकतिसाव्या दिवशी थोडा वेळ लागला. तेहतिसाव्या दिवशी असरची नमाज होऊन गेली तरी तो माझा नव्हता.

चौतिसाव्या दिवशी सकाळी मी सोनाबाईला दार दाखवलं. तिला दारातून आत यायला अंग आडवं करावं लागलं होतं, त्यामुळे ती आधीच कुरकुरत होती. तिने नखाने पट्टा खरवडला आणि नख हुंगलं. "म्हातारीने खाडी घरात आणली की," ती म्हणाली. मग तिने आपाचे पाय हातात घेतले, आणि त्यानंतर तिने चेष्टा केली नाही. तिने माझं सगळं ऐकलं. तिचा विश्वास बसला असं नाही. पण ती म्हणाली, "ते किड्याचं मला कळत न्हाय. एवढं कळतंय, का ही पोर आणखी आठ दिवस हितं ऱ्हायली तर मला आंघोळ घालायला यावं लागणार न्हाय. शेवटची घालायला यावं लागंल."

त्या दिवशी शेजारी कुराणखानी होती, बायका कुराण पढायला जमणार होत्या. जेवणं होताच खाला डोक्यावरून ओढणी घेऊन कोंडाजीच्या सोबतीने निघाल्या. जाताना त्या दारातून आत डोकावल्या आणि म्हणाल्या, किती शांत पडलीय माझी रेहाना.

७

आम्ही तिला चटईवर घेतलं. सोनाबाईने डोक्याकडून, मी पायांकडून. माझा डावा पाय नीट टेकत नव्हता. दारातून चटई सरळ जाईना, म्हणून आपाला एका कुशीवर वळवावं लागलं. तिचं अंग जड नव्हतं. मातीचा पट्टा तिच्या खांद्याला घासला, तेव्हा खोलीत मागे काहीतरी गुणगुणल्यासारखं झालं. पाळण्यात बाळ रडत होतं, त्यामुळे मला खात्री देता येत नाही.

पाळणा दुसऱ्या खेपेला घ्यायचा असं आमचं ठरलं होतं.

मागच्या पडवीत ऊन होतं. सोनाबाईने आपाला खांबाशी टेकवून बसवलं आणि ती तिचे हात चोळायला लागली. आपाने डोळे मिटले, उघडले. मान वळवून तिने अंगण पाहिलं, विहीर पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मग तिने हात उचलला, तिचा तिने, आणि माझ्या गालाला लावला.

सोनाबाई रडायलाच लागली. "ही तर हलते," ती म्हणाली. "सोंगं करत होतीस काय गो?"

आपाचे ओठ कोरडे पडले होते. शब्द यायला वेळ लागला.

"मी हलले की ती तुझ्याकडे जायची," ती मला म्हणाली. "तू झोपलेली असायचीस. अगदी गप्प. तिला गप्प पडलेलं माणूस लागतं."

मी तिचा हात दोन्ही हातांत धरला.

"म्हणून मी तुझ्याहून गप्प पडले. मग ती माझ्याजवळ थांबायची. शेवटी शेवटी तरीही तुझ्या पायाशी जायला लागली होती. सुई लागली तेव्हा ती माझ्या डोक्यावर, तुळईला होती. मी पाय ओढला असता तर..." तिने मान घराकडे वळवली. "आता ती कुठे आहे, मेहरू?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की घर शांत आहे. बाळ रडत नव्हतं.

आपाच्याही लक्षात आलं. ती उठायला गेली आणि खांबावरून घसरली. सोनाबाई तिला सावरत होती. मी आत धावले, म्हणजे जितकं धावता येत होतं तितकं.

८

दारातून मी आडवी होऊन गेले. शेगडी विझत आली होती. चिमणी खाटेजवळ होती आणि तिचा उजेड पाळण्यापर्यंत जेमतेम पोचत होता.

पाळणा स्थिर होता. बाळाचा एक हात काठावरून बाहेर आला होता आणि तो हलत नव्हता.

मी पुढे पाऊल टाकलं आणि थांबले, कारण मला मोजायची सवय आहे. पाळण्याला चार दोऱ्या होत्या. मी दहा मोजल्या.

त्यातल्या सहा तुळईपर्यंत जात नव्हत्या. त्या अर्ध्यावर कोपरासारख्या वाकल्या होत्या आणि वर काळोखात एका जागी मिळत होत्या. त्या जागेच्या मागे काहीतरी खूप बारीक होतं, आणि त्याच्याही मागे काहीतरी जड, जे हळूहळू खाली झुकत होतं.

मी ओरडू शकले असते. ओरडून काय झालं असतं हे मला माहीत नाही. गांधीलमाशीला आवाजाचं काही वाटत नाही. आपाने नुकतंच सांगितलं होतं तिला काय लागतं ते, आणि आपाने जे केलं होतं तेच मला करता येण्यासारखं होतं.

मी खाटेवर आडवी झाले. उताणी, हात अंगाशी. आपाच्या अंगाची ऊब अजून गादीत होती. मी डोळे वर लावले. श्वास इतका लहान केला की छाती उचलली जाईना. बाळाहून गप्प व्हायचं, एवढंच मी मनात म्हणत होते. मला गप्प बसायला कधीच कष्ट पडले नाहीत.

पाळण्याची दोरी करकरली. मग आणखी एक.

आधी कपाळाला काहीतरी लागलं. केसासारखं बारीक, कोरडं. ते भुवईवरून गेलं, डोळ्याच्या कडेला थांबलं, गालावरून ओठांपर्यंत आलं. तेच पुन्हा दुसऱ्या बाजूने. घाई नव्हती. मी स्वतः असंच भिंग फिरवते. खाट वजनाने कुरकुरली. पोटाजवळ, डाव्या बाजूला, चिमटा बसल्यासारखं झालं आणि तिथून गार पसरत गेलं. दुखलं नाही.

पाळण्यात बाळ उचकी येऊन रडायला लागलं.

ते रडणं मी आयुष्यात ऐकलेल्या सगळ्या आवाजांत चांगलं होतं. दाराशी सोनाबाईची बडबड ऐकू आली. ती अंग चोरून आत आली, तिच्या बांगड्या मातीला घासल्या. तिने पाळण्यातून बाळ उचललं, त्याला खांद्याशी धरलं. मी तिला डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते. तिने फक्त खाटेकडे पाहिलं. वर पाहिलं नाही. आणि मी हलले नाही, कारण बाळ अजून खोलीत होतं.

"निजलीस व्हय गो?" ती हळूच म्हणाली. "नीज. चौतीस दिस जागलीस बहिणीपायी."

ती पावलं न वाजवता बाहेर गेली. मला वारा लागू नये म्हणून तिने दार ओढून घेतलं. ते चौकटीच्या ओल्या चिखलात रुतत गेलं आणि घट्ट बसलं.

बाहेर पडवीत आपाचा आवाज आला, आणि बाळाचा. मग आपा माझं नाव घेऊन काहीतरी विचारत होती, आणि सोनाबाई तिला सांगत होती की झोपू दे तिला.

आता सगळे बाहेर होते. आता मला हलता येणार होतं. मी डाव्या हाताच्या करंगळीपासून सुरुवात करायचं ठरवलं. ती हलली नाही, म्हणून मी तिच्या शेजारचं बोट घेतलं.